साठीनंतरचा गोठा

वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याआधीच ट्रॅक्टरने बैलाचं औतातलं काम नेलं होतं. त्यामुळे काम सरलेला बैल, भाकड गाय, वीटभट्टीवरून सोडून दिलेलं गाढव कुणाच्या ना कुणाच्या दारात येऊन थांबतं. पत्रांवरून दिसतं की ते दार बऱ्याचदा निवृत्त माणसाचं असतं. उत्तरं पशुवैद्यक आणि वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. गेल्या वर्षी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शेजाऱ्यांचे दोन म्हातारे बैल आम्ही ठेवून घेतले. आता गावातून आणखी दोन गाई घ्या म्हणून गळ घालताहेत. जागा आहे, चाराही होईल. घ्याव्यात का? (सातारा जिल्हा)

ताई, जागा आणि चारा हे दोन हिशेब तुम्ही केलेत. तिसरा राहिला आहे, तो वजन उचलण्याचा.

एक मोठं जनावर दिवसाला १२ ते १५ किलो शेण टाकतं. ४० ते ५० लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच-सहा किलो वैरण आणि आठेक किलो हिरवा चारा त्याच्यापुढे न्यावा लागतो. म्हणजे एका जनावरामागे रोज सत्तर-ऐंशी किलो माल इकडून तिकडे होतो. दोन बैलांचे दीडशे किलो तुम्ही आज हलवताच आहात. चार झाली की तीनशे. त्यामुळे पाणी आणि शेण तुमच्या हातून सुटेपर्यंत तिसरं जनावर घेऊ नका.

ते सुटणं अवघड नाही. पाण्याच्या हौदाला अर्ध्या इंची पाइप आणि बॉलकॉक बसवा, बादली कायमची बंद होते. भरलेली मोठी बादली वीस किलोची असते. ओल्या फरशीवर ती एका हातात घेऊन वळताना गुडघ्याला पीळ बसतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला नेमका तोच सोसत नाही. शेणासाठी लांब दांड्याचं फावडं आणि दोन चाकांची ढकलगाडी घ्या. एका चाकाची गाडी स्वस्त मिळते, पण शेण एका बाजूला सरकलं की कलंडते आणि सावरायला माणूस तिच्याबरोबर झुकतो. घमेलं वापरायचंच असेल तर निम्मं भरा. उकिडवं बसून शेण गोळा करणं पूर्ण बंद.

जमीन नीट पाहा. पडण्याची भीती तुम्हाला आणि बैलाला सारखीच आहे. गुळगुळीत कोबा असेल तर गवंड्याकडून त्यावर चर पाडून घ्या. चार-पाच फुटांना एक इंच उतार हवा, म्हणजे मूत नालीत जातं. त्याहून जास्त उतार केला तर म्हाताऱ्या बैलाचे मागचे पाय रात्रभर ताणलेले राहतात. छपराखाली दर जनावरामागे साडेतीन ते चार चौरस मीटर जागा धरा आणि बाहेर मोकळं आवार त्याच्या दुप्पट. आवाराच्या कुंपणात माणूस आडवा होऊन निसटेल एवढी, सव्वा फुटाची फट एका ठिकाणी ठेवा. गरीब बैलही माशी चावली की मान झटकतो. भिंत आणि जनावर यांच्यामध्ये कधी उभं राहू नका. दाव्याची गाठ एका झटक्यात सुटणारी हवी.

ही सोय झाल्यावरही दोन जनावरांचे सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-अडीच तास जातात. शेजारचं कुणीतरी महिन्यातले चार दिवस तुमच्याऐवजी गोठा पाहून देईल, अशी बोली आधी ठरवा. असा माणूस मिळाला तर एक गाय घ्या. दोन नकोत.

प्रश्न : आमच्याकडे आणलेला बैल खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही. गव्हाणीखाली चघळलेल्या कडब्याचे ओले गोळे पडलेले दिसतात. त्याला रोज उरलेल्या पोळ्या आणि भात देते, तरी हाडं वर आलेलीच. माझं वय ७१, घरी मी एकटीच. (यवतमाळ जिल्हा)

ते गोळेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहेत, आजी. बैलाच्या दाढा झिजल्यात. समोरचे दात पाहून वय कळतं, पण खाणं चालतं ते दाढांवर. दाढ झिजून टोकदार झाली किंवा हलायला लागली की तो कडबा तोंडात घोळवतो, गिळता येत नाही म्हणून टाकून देतो. शेणही पाहा. त्यात बोटाएवढे लांब, न चावलेले धागे दिसले तर खात्री समजा. डॉक्टर तोंडात आडकण घालून दाढ पाहतात आणि टोकं कानशीने घासून देतात. तुम्ही तोंडात हात घालू नका. लाळ गळणाऱ्या आणि गिळता न येणाऱ्या जनावराला पिसाळण्याचा आजारही असू शकतो. कुत्रं चावल्याचं कुणी पाहिलेलं नसतं, आणि घशात काही अडकलंय म्हणून हात घालणारा माणूस फुकट धोक्यात येतो. हात आधीच घातला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

आता खाण्याचं. कडबा अख्खा देणं थांबवा. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची करून घ्या. त्याहून बारीक भुगा नको, रवंथ होत नाही. रात्री कुट्टीवर कोमट पाणी आणि थोडं मीठ शिंपडून पोत्याने झाका, सकाळी ती मऊ झालेली असते. सरकी पेंड चार तास भिजवून द्या.

किती द्यायचं हे वजनावर ठरतं. काटा नको, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ६६ आणि लांबी ५४ इंच आली तर साधारण ३५५ किलो. अशा बैलाला दिवसाला सात किलो कोरडा भाग पोटात जायला हवा: पाच किलो कुट्टी, आठ किलो हिरवा चारा, एक किलो पेंड-भरडा. वर ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच टेपने मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. रोज पाहणाऱ्याला बारीक बदल दिसत नाही, टेपला दिसतो.

पोळ्या आणि भात मात्र बंदच करा. माया म्हणून दिलेलं हे अन्न उपाशी राहिलेल्या जनावराला सगळ्यात लवकर मारतं. पिठूळ अन्न कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, गेलं की झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पातळ आंबूस वासाची हगवण लागते आणि जनावर बसतं. भिजलेल्या तांदळाचं टोपलं किंवा लग्नघरचं उरलेलं अन्न एका वेळी खाऊन धडधाकट बैलही दोन दिवसांत जातो. बैल नवा आणलेला असेल तर पहिला आठवडा फक्त कुट्टी, पाणी, मीठ. मग पेंड २०० ग्रॅमपासून सुरू करून दर तिसऱ्या दिवशी शंभर-दोनशे ग्रॅम वाढवत किलोपर्यंत न्या. औषध किंवा काढा बाटलीने मान वर करून पाजू नका, तो फुप्फुसात जातो.

दाढा नीट असूनही अंग धरत नसेल तर शेणाची तपासणी करा. पाणथळ भागातल्या जनावरात पर्णकृमी, म्हणजे यकृतातले पानासारखे चपटे जंत, असू शकतात. जबड्याखाली मऊ, दाबल्यावर खळगा राहणारी सूज आली तर त्यांचाच संशय घ्यावा. जंताचं औषध शेण तपासून, वजनाप्रमाणे द्यायचं असतं. दर तीन महिन्यांना डोळे झाकून दिलं की पुढे ते लागू पडेनासं होतं.

तुम्ही एकट्या आहात म्हणून एक सुचवतो. कुट्टी यंत्र स्वतः चालवू नका. पदर, बांगडी, हात, काहीही आत ओढलं जातं आणि सोडवायला जवळ कुणी नसतं. आठवड्याची कुट्टी एकदम करून घ्या, कोरडी असेल तर टिकते.

प्रश्न : पावसाळ्यात आमची म्हातारी गाय चिखलात घसरून बसली ती उठलीच नाही. चार दिवसांनी गेली. पुढच्या वेळी काय करावं? आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. (रत्नागिरी जिल्हा)

बसलेल्या जनावराचं भवितव्य पहिल्या सहा ते बारा तासांत ठरतं. तीन-चारशे किलोचं अंग एकाच पायावर पडून राहतं, त्या पायाच्या स्नायूंचं रक्त अडतं, नस दबते. घसरण्याचं मूळ दुखणं किरकोळ असलं तरी दुसऱ्या दिवशी पाय निकामी झालेला असतो. ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणण्यात तो वेळ जातो.

पहिलं काम फोनचं. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२. कानातला बारा आकडी बिल्ला, कधीपासून बसलंय, रवंथ करतंय का आणि ताप किती हे तयार ठेवा. ताप गुदद्वारात थर्मामीटर धरून पाहतात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा. अंग थंड पडून त्याहून बराच खाली असेल तर तेही तातडीचं. बसण्यामागे पडणं, कॅल्शियमची कमतरता, गोचीड ताप, सर्पदंश, उपासमार, काहीही असू शकतं, म्हणून कारण शोधायचं काम डॉक्टरांवर सोडा.

डॉक्टर येईपर्यंत तुमचं काम एकच, ती आडवी पडू द्यायची नाही. आडव्या जनावराचं पोट फुगतं. छातीवर बसती करा आणि दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा. खाली कोरड्या पेंढ्याचा वीतभर थर किंवा फूटभर वाळू. सिमेंटवर तशीच ठेवली तर उठायचा प्रयत्न करताना मागचे पाय फाकून मांडीचा स्नायू फाटतो. दर तीन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पाणी आणि चारा तोंडाशी. शेपूट पिरगाळून उठवू नका.

उठवायला चार ते सहा तरुण माणसं लागतात. तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. पोटाखालून दोर घेतला तर तो कापतो. जाड गोणपाट दुमडून शिवलेला, वीतभर रुंदीचा पट्टा घ्या, एक छातीखाली आणि एक मागच्या पायांपुढे. वर तुळईला साखळीची कप्पी असेल तर दोन माणसांतही काम होतं. दहा-पंधरा मिनिटं उभी करा, पायावर भार देते का पाहा, पुन्हा अलगद बसवा. असं दिवसातून चार-पाच वेळा. दिवसभर टांगून ठेवलेलं जनावर श्वास कोंडून जातं.

कप्पी, पट्टे आणि चार माणसांचे फोन नंबर मृग नक्षत्राच्या आत तयार ठेवा. नंबर गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा नसताना वाचता आले पाहिजेत. घटसर्प आणि फऱ्याच्या लशीही त्याच सुमाराला, पावसाच्या आधी. लाळ्या-खुरकूताची दर सहा महिन्यांनी. म्हातारं आहे, आता कशाला लस, असं म्हणू नका.

प्रश्न : माझ्या सांधेदुखीच्या गोळ्या बैलाला चालतील का? त्याचेही गुडघे सुजलेत. (नगर)

नाही. डायक्लोफिनॅक असेल तर अजिबात नाही. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही आली. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात यामुळेच जवळजवळ संपली. रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावला त्यांची उरलीसुरली वस्ती लोकांनी जपली आहे. गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम मिळतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि गोळीआधी जमीन बदला: रात्री बसायला मुरूम किंवा पेंढा, पायात जुने नाल असतील तर काढून टाका. औत सुटल्यावर नालाची गरज उरत नाही आणि खूर त्याच्याभोवती वेडावाकडा वाढतो.

प्रश्न : वीटभट्टीवरची दोन गाढवं आणि तीन शेळ्या सांभाळतो. मला मधुमेह आहे. मुलगा म्हणतो, जनावरांचे आजार तुम्हाला होतील. (सोलापूर, वय ६९)

मुलाची भीती अगदीच खोटी नाही, पण उपाय सोपे आहेत. गोठ्यात अनवाणी किंवा चपलेवर जायचं नाही, गमबूट घालायचे. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, खिळा लागलेला कळत नाही. रोज रात्री आरशात तळवे पाहा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्या. जखम मातीशेणाची असेल आणि शेवटच्या लशीला पाच वर्षं उलटली असतील तर लगेच. शेळी गाभडली तर वार आणि पिलू उघड्या हाताने उचलू नका. ताप येऊन पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, किंवा ताप जाऊन-येऊन राहिला आणि रात्री घाम फुटू लागला, तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात ‘माझ्याकडे जनावरं आहेत’ हे सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि ब्रुसेला या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजारांची तपासणी त्यावरूनच सुचते.

शेळ्यांची आणि गाढवांची खुरं दर सहा ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावी लागतात. भट्टीवरच्या गाढवाचं खूर पुढे वाढून चपलेसारखं वळलेलं असतं. ते एका बैठकीत सरळ करू नका. थोडं थोडं करून तीन-चार खेपांत आणा, नाहीतर रक्त येतं आणि लंगडणं वाढतं. गाढवाला पेंड नको. सव्वाशे किलोच्या गाढवाला दोन किलो कोरडी वैरण पुरते. आणि दोघांना वेगळं बांधू नका. जोडीदार दिसेनासा झाला की गाढव खाणं सोडतं, आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी उतरून ते दगावू शकतं.

प्रश्न : आई गेल्यापासून बाबा (७६) गावी चार भाकड गाईंबरोबर एकटेच राहतात. पुण्याला यायला तयार नाहीत. आम्ही गाई गोशाळेत देऊन त्यांना आणावं का? (पुणे)

घाई करू नका. आई गेल्यावर घरातल्या माणसाचा दिवस मोडतो. कधी उठायचं, का उठायचं, याला कारण उरत नाही. पाच वाजता हंबरणारी गाय ते कारण देते. तिला खोटं सांगता येत नाही, उद्यावर ढकलता येत नाही. चालणं, वाकणं, ऊन अंगावर घेणं, शेजाऱ्याशी चाऱ्याच्या भावावरून बोलणं, हे सगळं त्या कामातून आपोआप होतं. फ्लॅटमध्ये आणून हेच व्यायाम म्हणून करा म्हटलं तर क्वचितच होतं. बाबांचा हट्ट असेल, पण त्या हट्टाला आधार आहे.

पण डोळे उघडे ठेवून पाहा. पुढच्या खेपेला घरात बसण्याआधी गोठ्यात जा. हौदाच्या कडेला शेवाळ आलंय का? दाव्याखाली मानेला जखम आहे का? शेणाचे जुने, वाळलेले थर साचलेत का? गाईंच्या बरगड्या गेल्या वेळेपेक्षा जास्त दिसतात का? बाबा फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणतील, गोठा खरं सांगेल. गोठा बिघडायला लागला की बाबांची तब्येत, नजर किंवा विसराळूपणा यातलं काहीतरी आधीच बिघडलेलं असतं. तेव्हा आधी बाबांना डॉक्टरांकडे न्या.

गोठा चांगला असेल तर त्यांना मदत द्या, सल्ले नकोत. शेणासाठी रोज तासभर येणारा गडी ठेवा आणि त्याचा पगार तुम्ही द्या. उन्हाळ्यात नऊ ते पाच गोठ्यातलं काम बंद. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हात भोवळ येते, डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. फोन खिशात, चार्जिंगला नाही. चारच्या तीन गाई झाल्या की चौथी आणायची नाही, एवढं वचन मात्र आत्ता घ्या.

आणि ‘माझ्यामागे यांचं काय’ हा प्रश्न त्यांनी काढला तर टाळू नका. गाईच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. मृत्युपत्रात गाई कुणाकडे जायच्या आणि त्यांच्या खर्चासाठी त्या माणसाला किती रक्कम, हे लिहिता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. रक्कम काढताना एका जनावराला वर्षाला सुमारे दोन टन वैरण धरा आणि त्या माणसाला आधी विचारा. पुरायची जागाही ठरवून ठेवा: विहिरीपासून लांब, सहा फुटांहून खोल खड्डा, वर चुना. जेसीबीवाल्याचा नंबर तेवढ्यासाठी हवाच. जनावर अचानक गेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय धरून त्याला न फाडता, न हलवता डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : औत सोडलेल्या बैलाची पोळ्याला खांदेमळणी करतात का? (वर्धा)

करावीच. तूप-हळद कोमट करून खांद्यावर चोळताना बोटं सावकाश फिरवा. जुवाच्या जागी गाठ किंवा गरम सूज लागली तर ती याच वेळी हाताला कळते. मग शिंगांच्या बुडाशी हात न्या. म्हाताऱ्या बैलात शिंगाचा कर्करोग बऱ्याचदा आढळतो. एक शिंग दुसऱ्यापेक्षा गरम लागतं, बैल त्या बाजूला मान झुकवतो, डोकं झटकतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब येतो. लवकर सापडलं तर शिंग काढून बैल वाचतो. शिंगं तासू नका, ऑइलपेंट लावू नका, गेरू लावा. झूल दुपारच्या आत उतरवा. आणि पुरणपोळी एकच द्या, घरातल्या प्रत्येकाने एकेक नको.